उसवलेला कोट

४ फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी दुकान उघडलं. तुझे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. टेबल पुसलं, मशीनला तेल घातलं, दोन पँटी खालून दुमडून शिवल्या. दुपारी पोस्टमन जावईबापूंचा कोट देऊन गेला. लग्नातला, मी शिवलेला. ऑफिसात सत्कार आहे, कमरेत सैल करून पाठवा, अशी चिठ्ठी खिशात होती. अस्तराच्या आत बाबांच्या खडूच्या खुणा अजून आहेत. त्या बघत बसले, काम झालं नाही.

एक विचारायचं राहिलं होतं. बाबांना पोचवून आलो त्या दिवशी मावशीनं तुला विचारलं, चहात साखर किती. तू आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलंस, मग सांगितलंस. मी रडत होते, तरी ते मला दिसलं. तो तुला काय बोलतो? खरं लिही. गोड लिहिलेलं मला नको.

तब्येतीला जप, एवढंच मागणं.
तुझी आई


९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसूच आलं. चमचाभर साखरेवरून तू कुठल्या कुठे पोचलीस! अगं, त्याची जीभ तिखट आहे, मनात काही नसतं. बाबा तर याहून वाईट बोलायचे आणि तू कधी कुरकुर केली नाहीस, असं तोच म्हणतो. ते खरंच आहे ना? भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर बाबा तुला काय काय म्हणायचे, ते मी या कानांनी ऐकलंय.

हा चारचौघांत कधी बोलत नाही, आवाजही चढवत नाही. जेवायला बसलो की दिवसभरात माझं काय काय चुकलं ते शांतपणे सांगतो. मीही हल्ली विसराळू झालेय. दवाखान्यात दातांचे डॉक्टर माझ्या कामाचं कौतुक करतात, पण तो म्हणतो की त्यांना माझी कीव येते आणि मला तेवढंही कळत नाही. बाबांच्या वेळी मी फार रडले, तेव्हा म्हणाला की माझ्या काळजीनंच ते गेले, आता रडून काय उपयोग. लागलं. मग म्हणाला, गंमत केली. मला गंमत कळत नाही, हे तूही म्हणायचीस.

कोट वीस तारखेच्या आत हवा आहे. आणि मी हे लिहिल्याचं फोनवर काढू नकोस, तो शेजारी असतो.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बटण


१३ फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, ठेवलं, पुन्हा वाचलं. माणूस दुःखात असला की त्याला राग येत नाही असं मला वाटायचं. येतो. आणि आल्यावर बरं वाटतं.

त्यानं तुझ्या बाबांना मध्ये ओढलंय, म्हणून सांगते. तुझे बाबा उद्धट बोलायचे, नाही म्हणत नाही. माझं काज मोठं झालं की म्हणायचे, यातून बटण कसलं, तुझं डोकं जाईल. मी म्हणायचे, तुमचं आधी घालून बघा, रिकामंच आहे, अडकायचं नाही. गिऱ्हाईक हसायचं, तेही हसायचे. कधी दिवसभर अबोला धरायचो आणि संध्याकाळी एका बशीत बिस्किटं खायचो. माझी आई गेली त्या आठवड्यात ते असंच काही बोलून गेले. मी म्हटलं, आज नको. तेवढंच. त्यांनी कात्री खाली ठेवली, माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि स्वतः शिवत बसले. इतकं वाकडं शिवलं की पुढे वर्षभर मी त्यांना त्यावरून बोलले, आणि त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

मला त्यांचा राग यायचा. भीती कधी वाटली नाही. बोलण्याआधी त्यांच्या तोंडाकडे मी कधी पाहिलं नाही. आणि तू फोनवर काय बोलायचं नाही ते मला शिकवतेस.

कोटाचं काम माझ्या पद्धतीनं केलंय. आज पाठवते. पार्सल त्यालाच उघडू दे.

कायम तुझ्या बाजूची,
आई


२३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, हे काय केलंस! सत्काराच्या आदल्या दिवशी, मित्र बसलेले असताना त्यानं पार्सल उघडलं. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, अस्तर वेगळं, खिसेसुद्धा वेगळे. सगळं इस्त्री करून, घड्या घालून, वर उसवलेल्या दोऱ्याचा गुंडा. एका मित्रानं भाबडेपणानं विचारलं की कापड छान आहे, शिवायला कधी टाकणार. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबली. किती दिवसांनी हसले असेन.

त्यानं शहरातले शिंपी पालथे घातले. ज्यानं इतकं निगुतीनं उसवलंय त्याच्याकडेच न्या, असं जो तो सांगे. शेवटी भावाच्या कोटात गेला. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

परत आल्यावर सुरू झाला. त्याच हळू आवाजात. तुझ्या आईचं डोकं फिरलंय, तुझंही फिरत चाललंय, बाबा सुटले बिचारे. मी म्हटलं, आज नको. तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं, हसला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. मनात काही नसतं असं मी तुला लिहिलं होतं. सगळं मनात होतं, आई.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती घरी परतले नाही. दवाखान्यातल्या नर्सताईंच्या घरी वरची खोली मिळाली. तुझ्याकडे आले नाही म्हणून रुसू नकोस. तिथे आले तर माझ्या वतीनं तूच बोलशील. मला स्वतः बोलून बघायचंय. खिडकीला पडदा नाही, माप मागे लिहिलंय.

तुझीच,
बटण


२८ फेब्रुवारी

जावईबापूंना,
नमस्कार.

तुमचं पत्र आणि कोटाचं गाठोडं मिळालं. झालं गेलं विसरून कोट शिवून द्या आणि मुलीला चार गोष्टी समजावून परत पाठवा, असं लिहिलंत. माझ्यावर राग नाही असंही लिहिलंत. मन मोठं आहे तुमचं.

तुकडे पुन्हा पाहिले. एकही फाटलेला नाही. माझ्या मुलीला तुम्ही कधी हात लावला नाही, हे तुम्ही अभिमानानं कळवलंय. मीही तुमच्या कोटाला तसंच वागवलंय.

मुलगी येणार नाही. कोट हवा असेल तर स्वतः या. समोर स्टुलावर बसा आणि मी दाखवीन तसा आपल्या हातानं शिवा. शिकवताना मी तुमच्याच भाषेत बोलेन, तुमच्याच हळू आवाजात. प्रत्येक टाक्याला तुमचं काय चुकलं ते सांगेन. रडू आलं तर गंमत केली म्हणेन. कोट पुरा होईपर्यंत उठायचं नाही.

तुमच्या लोभाची अपेक्षा नाही.
बटणची आई


६ मार्च

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

आजही दुकान वेळेवर उघडलं. तो आलेला नाही. स्टूल मांडलेलं आहे. दारात सावली पडली की मी वर बघते. त्यानं यावं असं फार वाटतं. माया म्हणून नव्हे.

दोन दिवस रुसले होते, मग तुझं म्हणणं पटलं. उद्या त्यानं दवाखान्यात येऊन काही म्हटलं, तर काय उत्तर द्यायचं ते मी सांगणार नाही. तुझं तू दे. नंतर मला कळव मात्र, शब्दन् शब्द.

वेळेवर जेवत जा, आणि मला विसरू नकोस.
तुझी आई

ता. क. पडद्यासाठी जाड निळं कापड आणलंय. टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर अंथरलंय. हे पत्र पेटीत टाकून येते, दार लावते आणि कापायला बसते.