मारित्साचा सुळा

मोम्पॉस, रविवार

प्रिय सोराइदा,

रागावली असशील, तर रागाव. एक शब्द न सांगता निघून आले त्याला दीड महिना झाला. इथं नदीकाठी डॉन एवारिस्तो म्हणून एक म्हातारा सोनार आहे, केसासारखी चांदीची तार ओढून जाळीची कर्णफुलं करतो. त्याच्याकडे बसते. पहिल्याच दिवशी माझे हात बघून म्हणाला, “पोरी, तार तुझं ऐकते. माणसं का ऐकत नाहीत?” मी म्हटलं, माणसं वाकवायला पक्कड कुठं मिळते? तेवढ्यात छपरावरून एक घोरपडीएवढा इग्वाना धप्पकन खाली पडला आणि आम्ही दोघं हसत सुटलो. उकाडा इतका की कुत्रीसुद्धा सावली बदलत फिरतात. पण हे सांगायला बसले नाही मी.

सांता मार्ताच्या किनाऱ्यावर तू मला शोधलंस ते आठवतं? चटईवर माझी तारेची कानातली मांडलेली, आणि तू, आमच्या गल्लीतली हुशार सोराइदा, आता दातांची डॉक्टरीणबाई, उकिडवी बसून एक एक उचलून बघत होतीस. “नववीत शाळा सोडलीस, पण हे गोलावे कुठल्या शाळेत शिकलीस गं?” असं म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये घालून बुकारामांगाला घेऊन आलीस. तुझ्या दवाखान्यात ब्रेसेसच्या तारा वाकवत मी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाची झाले. स्टीलची तार हट्टी, वाकवली की तशीच राहते आणि जोरात ढकलते. ती निकेलची तार लाडावलेली, तोंडाच्या उबेत आपला मूळ आकार आठवून परत येते, तिला वाकवायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि ती राखाडी, मवाळ टायटॅनियमची. आकार तोच दिला तरी स्टीलच्या निम्म्याहून कमी जोर लावते. हे सगळं तू शिकवलंस. पुस्तक न उघडता, माझ्या बोटांना.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, हेही तूच सांगितलंस. हळू ढकललं की पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं, आणि दात चालत जातो. जोरात ढकललं की मुळाभोवतीचं रक्तच दाबलं जातं, दात जागच्या जागी अडून बसतो, आणि मग शरीर मूळच कुरतडायला लागतं. “घाई करणारा डॉक्टर दात हलवत नाही, मारतो,” असं तू म्हणायचीस. तुझ्या तोंडून ऐकलेलं माझ्या डोक्यात बसतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

मग आली मारित्सा. बत्तिसाव्या वर्षी ब्रेसेस लावायला आलेली मास्तरीण, वरचा सुळा टाळूत आडवा दडलेला. तू हिरडी उघडून त्याला बारीक साखळी लावलीस, आणि त्याला खाली आणणारी स्प्रिंग त्या राखाडी तारेची मला करायला सांगितलीस. चार वेळा मोडून पाचव्यांदा जमली. जोर मोजायच्या मापकावर बरोबर साठ ग्रॅम. तू माझ्या कपाळाचा मुका घेतलास. दर महिन्याला सुळा थोडा थोडा खाली येत गेला आणि दर महिन्याला मारित्सा जास्त वेळ बसायला लागली. आधी कॉफी, मग जेवण, मग रविवारी डोंगर. तुमच्या त्या डोंगरावर मलाही एकदा बोलावलंत. मी मागे चालत होते आणि तुम्ही दोघी पुढे, कुठल्यातरी पुस्तकावरून भांडत. मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तू एकदाही मागं वळून बघितलं नाहीस.

बोगोताच्या परिषदेत तू तिच्या सुळ्याचे फोटो दाखवलेस. जाण्याआधी भाषणाची तालीम आमच्यासमोर केलीस, “ही स्प्रिंग मी अशी बनवली” म्हणालीस. चुकून म्हणाली असशील. मारित्सानं टाळ्या वाजवल्या. वाटलं, हिच्या तोंडात माझं काम बसलंय आणि तुझ्या शेजारी ही बसलीये.

तू बोगोताला असतानाच मारित्सा आली. मुंग्यांचा हंगाम, आणि भाजलेल्या मुंग्या खायला समोर आल्या की आपल्याकडच्या कुणाचा जिभेवर ताबा असतो? एक कडक मुंगी दाढेखाली आली आणि दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट सुटून हातात. “लुडी, सोराइदाला सांगू नकोस हं, मला फाडून खाईल,” म्हणत हसत खुर्चीत बसली. मला डॉक्टरकीतलं काही करायची परवानगी नव्हती, हे तिलाही माहीत होतं. तरी माझ्यावर विश्वास टाकून तोंड उघडलं. मी ब्रॅकेट चिकटवलं. आणि स्प्रिंग काढून दुसरी लावली. तोच आकार, तीच लांबी, पण स्टीलची, आणि वर आणखी ताणलेली. चमक दिसू नये म्हणून पॉलिशपेपरनं घासून राखाडी केली. मापकावर काटा एकशे ऐंशीला गेला. स्वतःला सांगितलं, सुळा लवकर खाली येईल, काम संपेल, ती जाईल. पण सोराइदा, मला माहीत होतं. तूच शिकवलं होतंस. तुला कळणार नाही हेही माहीत होतं, कारण माझ्या हातचं काम तू कधी दुसऱ्यांदा तपासलं नाहीस. तू परत यायच्या आदल्या दिवशी मी पळाले.

काल धीर करून दवाखान्यात फोन केला. मारित्सानंच उचलला. “अगं भटके! आहेस कुठं? सोराइदा रोज तुझी खुर्ची पुसते, आम्हाला बसू देत नाही.” मग म्हणाली, सुळा अडून बसलाय, ठणकतो, सोराइदाला काही उमजत नाही, बुधवारी अजून जोर लावणार आहे. फोन ठेवला. तोंडी सांगायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, उद्या दुपारी तुला मिळेल. बुधवारी जोर लावू नकोस. ती स्प्रिंग पत्र हाती पडताच काढ, मुळाचा एक्स-रे घे, आणि तीन महिने त्या दाताला हात लावू नकोस. तिला माझं नाव सांग, स्वतःवर घेऊ नकोस. अजूनही तू तिच्या तोंडावर वाकलेली डोळ्यांसमोर आली की माझ्या पोटात जळतं, ते काही पत्रानं जाणार नाही. पण मूळ गेलं असेल, तर ते मला तू स्वतः सांग. तिला सांगायला लावू नकोस, ती मला माफ करेल.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
लुडी