शाखाप्रमुखाचा फोटो

५ सप्टेंबर, शिक्षक दिन
गोखिवऱ्याच्या क्लासमध्ये अकरा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय, आणि आज कुठे एकीला जाणीव झाली. फ्लॉसी. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता माझ्याच हाताखाली शिकवते. तिने स्वतःच्या वेबसाइटवर माझा फोटो टाकलाय, खाली ‘माझे पहिले सर’. फोटोत केस दाट दिसतात. पोरगी गुणी आहे.

८ सप्टेंबर, सकाळी ८
उठायचं पाचला ठरलं होतं. बायकोने, मनोरमाने, अलार्म बंद केला असणार.
क्लासचे मालक बेसिल सर काल म्हणाले, दसऱ्याला जूचंद्रला नवी शाखा, प्रमुख कोण ते अजून ठरलं नाही. हे आपलं चारचौघांना सांगायला. शाखेची वेबसाइट मला करायला सांगितली, यातच सगळं आलं. संकल्प: रोज एचटीएमएलचा एक धडा. शिकवतो मी, पण वाचायचं राहूनच गेलं होतं.

११ सप्टेंबर
वेबसाइट झाली. ‘शाखाप्रमुख: श्री. प्रल्हाद’ असं ठळक लिहून टाकलं. सरांना सरप्राइज. वर तोच दाट केसांचा फोटो. फ्लॉसीच्या साइटवरची लिंक उचलली आणि इमेज टॅगमध्ये चिकटवली. डाउनलोड कोण करत बसतो!

१५ सप्टेंबर
भर वर्गात अपमान. मी पोरांना सांगत होतो, वेबसाइटच्या पानावर दिसतं ते सगळं पानातच असतं. फ्लॉसी मध्येच म्हणाली, सर, अक्षरं पानात असतात. फोटो, व्हिडिओ हे रिप्लेस्ड एलिमेंट. पान फक्त जागा ठेवतं, आतलं बाहेरून येतं. वर मला सल्ला, तुमचा फोटो आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या, उद्या मी माझी साइट बदलली तर? कालच्या पोरीला शिंगं फुटली. पोरं हसली. तिलाच हसली असणार.

१७ सप्टेंबर
बेसिल सरांच्या कानावर घातलं, फ्लॉसी मुलांना चुकीचं शिकवते. तिची संध्याकाळची बॅच मला मिळाली. यात वैर नाही, शिस्त आहे. सकाळीच तिने आईच्या हातचे फुगे, मैद्याचे तळलेले गोळे, आणले होते, खास सरांसाठी म्हणून. नऊ खाल्ले. तळलेलं उद्यापासून बंद.

२० सप्टेंबर
फ्लॉसी बाथरूममध्ये रडत होती म्हणे. मी वर्गात म्हटलं, राजोडीच्या बीचवर शहाळी विकायला जागा आहे, मॅडमना कळवा. ती दारातच उभी होती. असू दे. विनोद समजायला डोकं लागतं.

२५ सप्टेंबर
धडा पहिला अर्धा झाला. बाकीचा वेळ उद्घाटनाच्या भाषणाला. वेबसाइट परत बघायची गरज नाही, मीच केलीय.

२ ऑक्टोबर, दसरा
जूचंद्र. पन्नास पालक, मोठा पडदा, मनोरमा ठेवणीतली साडी नेसून पुढे. मी वेबसाइट उघडली. खाली ठळक अक्षरांत माझं नाव. वर फ्लॉसी हसतेय. मी मोजून दिलेल्या चौकटीत अगदी नीट बसलेली.
आधी पोरं हसली, मग पालक, मग मनोरमा. व्हायरस आहे, असं मी माइकवर सांगितलं. फ्लॉसी शांतपणे म्हणाली, व्हायरस नाही, परवा मी माझ्या साइटवरून सरांचा फोटो काढला आणि त्याच नावाने माझा टाकला. सांगितलं होतं सरांना, सगळ्या वर्गासमोर. पोरांनी माना डोलावल्या. एकाही कार्ट्याने माझी बाजू घेतली नाही.
बेसिल सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “फोटो बरोबर आहे. खालचं नाव तेवढं बदला.”
टाळ्या पडल्या. नाव मलाच बदलायला लावलं, पडद्यावर, सगळ्यांच्या देखत.

३ ऑक्टोबर
सोमवारपासून संध्याकाळच्या बॅचला जायचंय. शिकवायला नाही, बसायला. मनोरमाने दोनशे पानी वही आणून ठेवलीय. वर माझं नाव घातलंय आणि त्याखाली लिहिलंय, शिक्षिका: फ्लॉसी मॅडम.