वाकून नमस्कार करणारी खुर्ची

तीर्थरूप मामा,

तुमच्या भाचीचा नमस्कार, पाय लांब असल्यामुळे कागदावरूनच. गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली, रिकामं बसवत नाही म्हणून तुम्ही घरातली सगळी दारं रंध्याने तासलीत आणि आता एकही दार लागत नाही. (हे तिने कौतुकाने सांगितलं नाही.)

इकडची खुशाली अशी, की आपल्या पाच कारखान्यांच्या संघाला मिळालेलं नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम हातातून जायच्या बेतात आहे. ते गेलं तर माझं लेथ मशीन बंद, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळं बिघडलं ते त्या प्रेरणा-सरांच्या शिबिरापासून. तुम्ही सुटलात! 'पॉलिशवाल्याचे आभार माना' म्हटल्याबरोबर चपला चढवून जे निघालात, ते जोडणीचं काम सोडून थेट घरी. आम्ही मात्र डोळे मिटून मागे पडत बसलो. मागच्याने झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो म्हणे. गादीवाला अगदी विश्वासाने पडला. झेलणारा बैठकवाला अजून कंबर धरून चालतो.

मग नमुन्याची खुर्ची करायला घेतली, ती एकमेकांची काळजी घेत. बैठकवाल्याला ठोकाठोक नको म्हणून मी लेथवर खुर्चीच्या पायांची टोकं जरा बारीक केली. माझ्या पायांना त्रास नको म्हणून त्याने बैठकीची भोकं जरा मोठी केली. पॉलिशवाल्याने गादीवाल्यासाठी जागा सोडली, गादीवाल्याने पॉलिशवाल्यासाठी, आणि तुमच्या जागी जोडणीला आम्ही चौघं, त्यामुळे माप कोणीच घेतलं नाही. (दुसऱ्याच्या कामाला पट्टी लावणं म्हणजे अविश्वास, असं सर म्हणाले होते.) खुर्ची अशी नम्र झाली, की नुसतं जवळ गेलं तरी वाकून नमस्कार करायची.

नाट्यगृहाचे मॅनेजर अंगाने भारदस्त. ते टेकले आणि चार पाय चार दिशांना गेले. मॅनेजर फरशीवर! त्यांना उठवायचं सोडून आम्ही शिबिरात शिकवल्याप्रमाणे 'चूक माझीच', 'छे छे, माझीच' करत बसलो. गादीवाल्याला तर हुंदका आला. शेवटी साहेब स्वतःच उठले आणि म्हणाले, एकमेकांवर ढकलणारी माणसं परवडली हो, निदान फोन कोणाला करायचा ते तरी कळतं. दुसरा नमुना शनिवारी दाखवा म्हणाले, तो शेवटचा.

असो. तब्येतीला जपा, मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : हे सगळं आपलं सहज कळवलं. माझा काही हेतू नाही.

ता. क. २ : आहे. शुक्रवारी या. तुम्ही होतात तेव्हा 'हे पाय आहेत की काड्या' असं चारचौघांत ऐकायला नको म्हणून मी केसभरही चुकत नव्हते. सगळ्यांचं तेच. पॉलिशवाला म्हणतो, आभार राहू द्या, पहिली शिवी मला घाला.

ता. क. ३ : तुमच्या शिव्या आम्ही आपापसांत देऊनही पाहिल्या, मामा. कोणी मनावरच घेत नाही. परवा बैठकवाल्याला मी 'गाढवा' म्हटलं, तर तो 'धन्यवाद' म्हणाला.