इंजिनाला तांदळाचं पीठ

रत्नागिरी, १४ नोव्हेंबर

चि. दर्शनला आजीचे आशीर्वाद.

इथे सगळं बरं आहे, माझे गुडघे सोडून. फोन तू कापतोस, म्हणून पत्र. अक्षर तुझ्या बापाचं आहे. तुझी आई विमला लिहिणार होती, पण मी मुद्दाम दीपकलाच बसवलाय.

गाडीचं सांगते. तू दसऱ्याआधी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललंस, आणि दसऱ्यानंतर दारापुढच्या खळ्यात तेलाचे डाग. तुला साधं पॅकिंग बसवता येत नाही, असं दीपक चारचौघांत बोलला. तू पान्यांची पेटी इथेच टाकून मुंबईला गेलास. आता कपड्यांच्या दुकानात उभा असतोस, इंजिनाला पुन्हा हात लावणार नाहीस म्हणे.

सोमवारी भिकाजी मेस्त्री आला. मी खुर्ची टाकून समोरच बसले, दीपक बाजूला उभा. त्याने इंजिन डिझेलने धुतलं, कोरडं पुसलं आणि पावडर मागितली. विमलाची तोंडाची पावडर महागाची, मी तांदळाचं पीठ दिलं. ते सगळीकडे भुरभुरवून इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. मला वाटलं, खालचं पीठ भिजणार. तर चेंबरपाशी पांढरं, कोरडं. ओली रेघ निघाली वरून, तेल ओतायच्या झाकणापासून, आणि मागच्या बाजूने खाली उतरली.

भिकाजी म्हणाला, "आजी, कौल फुटतं एकीकडे, पाणी गळतं भलतीकडे."

झाकणातली रबराची कडी गायब होती. कोणी काढली, कोणालाच कळेना.

मला कळलं. दसऱ्याला गाडीची पूजा, आणि ते झाकण काळंकुट्ट. त्याच्यावर कुंकू कसं लावायचं? काढलं, राखेने घासलं. कडी सुटी झाली. कुकरची मी रोज बसवते, ही काही बसेना. म्हटलं, उगाचची असेल. लोणच्याच्या बाटलीला मात्र छान बसली.

लिही रे दीपक, थांबलास का?

दर्शन, तुला बोलणी बसली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. सोमवारी कळलं, तरी चार दिवस गप्प बसले. ते माझं चुकलं. पण तुझं काम कोरडं निघालं, हे आणखी एकालाही सोमवारीच कळलंय – लिही मेल्या – आणि तोही गप्पच आहे.

दीपकला खाली जागा सोडायला लावलीय. तिथे हा काय लिहील ते मला वाचता यायचं नाही. तू वाच.

तुझी आजी
(डाव्या हाताचा अंगठा)

दर्शन, पॅकिंग तू नीटच बसवलं होतंस. रोज तुझा नंबर काढतो आणि फोन ठेवून देतो. चुकलो रे.
— बाबा