तीनशे शहाऐंशी कोणाची?

१२ जानेवारी, सोमवार
उपाशी १३१. साखर मोजायचं मशीन घरी आल्याला आज दहा दिवस. बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, की आकडा आपोआप मोबाइलवर आणि तिथून थेट दवाखान्यात. प्राजक्ता सिस्टर तिकडे बसून बघतात. काल जेवणानंतर २१० गेली तर लगेच फोन, "काकू, काय खाल्लंत?" खोटं बोलायची सोयच उरली नाही. गुळपोळी. अर्धीच. (बरं, एक.)
ह्यांना फार मजा वाटतेय. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, माझ्यावर नजर ठेवणारं कोणीतरी भेटलं म्हणे.

१६ जानेवारी, शुक्रवार
हळदीकुंकू झालं. मजल्यावरच्या दहा-बारा जणी. समोरच्या सुमनला दरवर्षीसारखं बोलावलंच. तिचे यजमान गेल्यापासून ती "मी कशाला" करते आणि मी हाताला धरून आणते. कोणाला नाक मुरडायचं त्यांनी मुरडावं.
तिळगूळ झाल्यावर साठेवहिनींनी मशीनची चौकशी केली. मग काय, सगळ्यांचीच बोटं पुढे! मजल्यावर सोऱ्या एकीचा असला तरी चकल्या सगळ्यांच्या होतात, तसंच हे. सुई दरवेळी नवी, तेवढं भान होतं. कोणाची १४०, कोणाची १६५. हशा काय, टाळ्या काय. सगळ्या गेल्यावर भांडी आवरता आवरता सुमनचंही बोट टोचलं. माझा चष्मा आत. तिनेच वाचलं, "एकशे दहा." म्हटलं, भाग्यवान आहेस.

१७ शनिवार
नऊला सिस्टरांचा फोन. आवाज घाबरलेला. "काकू, बऱ्या आहात ना? काल संध्याकाळी तासाभरात तुमची शुगर अकरा वेळा आलीय. कधी १४०, कधी ९८, आणि शेवटी ३८६!"
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या मजल्याची साखर माझ्या नावाने गेली की! हळदीकुंकवाचं सांगितल्यावर सिस्टर हसत सुटल्या. मग एकदम गंभीर. "बाकीचे आकडे मी बाजूला काढते. पण ३८६ कोणाची? त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या."
शेवटची, ७.५२ ची. म्हणजे सुमन. एकशे दहा म्हणे!
तडक समोरच्या खोलीत गेले. आधी नाहीच म्हणाली. मग मेथी निवडता निवडता लेकाचं नाव काढून रडायलाच लागली. "मनोजला कळलं तर तो मला विरारला नेईल गं. एकटी राहू नकोस म्हणून वर्षभर मागे लागलाय. तिथे दिवसभर कोणाशी बोलू? कोणाला सांगू नकोस, शपथ आहे माझी."
चिडले. शपथ घालून साखर उतरते काय? पण गप्प राहायचं कबूल करून बसले. मूर्ख मी. तिला काही झालं तर? आणि ती विरारला गेली तर? मला दोन्ही नको आहे.

१८ रविवार
सकाळी सातला मशीन घेऊन तिच्याकडे. आधी सिस्टरना मेसेज: आता येईल तो आकडा माझा नाही. उपाशीपोटी २७४. हात साबणाने धुवून परत, २६९. सुमन म्हणाली, मशीन बिघडलंय. मग माझंच बोट टोचून दाखवलं, १२४.
खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, दिवाळीपासून सारखी तहान लागते, वजन उतरलंय. "बारीक झाले म्हणून खूशच होते मी."
उद्या डॉ. कडे. मीच नेणार.

१९ सोमवार
डॉ. रागावले नाहीत. गोळ्या सुरू, बाकीच्या तपासण्या, आठवड्याने परत. सुमनने घाबरत विचारलं, "मुलाकडे राहायला जावं लागेल का?" डॉ. म्हणाले, रोज मोजा, आकडे आमच्यापर्यंत येऊ देत, आत्ता तरी घरीच राहा.
सिस्टरनी तिला वेगळं मशीन जोडून दिलं. आणि विचारलं, "घरातल्या अजून कोणाला आकडे दिसायला हवेत? एक नंबर घालता येतो."
सुमन माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शपथ मला होती, तिला नव्हती. शेवटी तिनेच मनोजचा नंबर सांगितला. तोंडपाठ, अगदी हळू.
टॅक्सीत म्हणाली, "शहाणपणा केला का गं मी?" हो म्हटलं.

२२ गुरुवार
सुमन उपाशी २२८. उतरतेय! ती सात पाचला मोजते, सात सहाला विरारहून फोन. "आई, २२८ म्हणजे चांगली का वाईट? काल काय जेवलीस?" पंधरा-पंधरा मिनिटं. आधी आठवड्यातून एकदा करायचा, तोही घाईत. "मेला रोज पिडतो," म्हणते आणि तोंडभर हसते.
दुपारी मनोजचा मला फोन. "काकू, खरं सांगा, आईला तिथे ठेवणं बरोबर आहे का? रविवारी येतोय, तेव्हा ठरवतो." माझा स्वार्थ आहे त्यात. तेच सांगितलं त्याला.
मग सुमनला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडेल. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, "येऊ दे. मी त्याला एवढंच विचारणार, मला तिथे नेलंस तर रोज सकाळी सात सहाला फोन कोणाला करशील?"