धक्क्याआधीची किंकाळी

३ जानेवारी, सकाळ
वय पस्तीस. गुडघे पन्नाशीचे. काल मॅनेजरने बोलावून सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय, पुढचं काही ठरलेलं नाही, उरलेल्या मॅचेसमध्ये काहीतरी करून दाखवा. उडी तर आता उंबरठ्याएवढीच राहिलीय. पळण्याबद्दल न बोललेलं बरं. पण पडणं! पडण्यात अख्ख्या बास्केटबॉल लीगमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. बॉल घेऊन कोणी अंगावर आला की आपण आडवं व्हायचं. फाउल त्याचा, बॉल आपला. त्यासाठी धक्का लागलाच पाहिजे असं थोडंच आहे?
संकल्प: रोज पन्नास वेळा पडणे.

४ जानेवारी
हॉलमध्ये गादी टाकून सराव. नवव्यांदा पडलो तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या छताचा पोपडा हातात घेऊन आले होते. भला माणूस, पण खेळाची आवड नाही.
सासूबाई सोफ्यावर विणत बसल्या होत्या. तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. मी पाय धरून असा काही कळवळलो की दगडाला पाझर फुटावा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ज्याला खरंच लागतं तो आधी कोण बघतंय ते बघत नाही. बायको फिदीफिदी हसली. दोघींनाही बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.
सुधारित संकल्प: रोज आठ.

९ जानेवारी
चार मिनिटं खेळलो, दोन फाउल मिळवले! एकदा तर समोरच्याच्या हातात माझाच हात अडकवला आणि त्यानेच धरल्यासारखा ओरडलो. रेफरीने शिट्टी मारली. कॉन्ट्रॅक्ट खिशात.

१२ जानेवारी
लीगचं पत्रक आलं. उद्यापासून खोटं पडणाऱ्यावरच फाउल. शंका आली तर रेफरी व्हिडिओ बघणार. कोचने पत्रक ड्रेसिंग रूममध्ये मोठ्याने वाचलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एका माणसासाठी नियम बदलावा लागतो, ही काय साधी गोष्ट आहे?

१६ जानेवारी
रेफरीने व्हिडिओ बघितला. मी आधी किंचाळलो, मग पडलो, त्यानंतर समोरचा आला. मोठ्या स्क्रीनवर तीनदा दाखवलं. लोक पोट धरून हसत होते. फाउल माझ्यावर. कोच म्हणाले, त्या किंकाळीला जरा दम धरायला शिकव.
त्यांचं बरोबर आहे. क्रम चुकला, एवढंच.
संकल्प: किंकाळी उशिरा.

२३ जानेवारी
फारच उशिरा आली. तोवर मी उठून उभा होतो.

३० जानेवारी
शेवटची मॅच. दहा सेकंद बाकी, आम्ही एका पॉइंटने पुढे. कोचने मला आत घातलं. म्हणाले, त्यांचा तो ताडमाड सरळ तुझ्या अंगावर येईल, तू फक्त उभा राहा. बाकी काही करू नकोस. फक्त उभा राहा.
आला. मी पडलो.
तो थांबला, मला वळसा घातला आणि आरामात बॉल बास्केटमध्ये टाकला. संपलं. शिवाय जाता जाता हात देऊन मला उठवलं, कुठे लागलं नाही ना, असंही विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
उभा राहिलो असतो तर धक्का खरा लागला असता. हे मला पडता पडताच कळलं. पण अर्ध्यात मागे फिरता येत नाही. लाज वाटली. हॉटेलात जेवलो नाही.

४ फेब्रुवारी
कॉन्ट्रॅक्ट नाही. पण! रेफरींचं ट्रेनिंग आहे, त्यांना खोटं पडणं ओळखायला शिकवायचंय. प्रात्यक्षिकासाठी लीगने मला बोलावलंय. तज्ज्ञ म्हणून. बायकोने विचारलं, त्यांनी तज्ज्ञ हा शब्द वापरला का? भावार्थ तोच होता.

११ फेब्रुवारी, रात्र (डाव्या हाताने)
वीस रेफरी. सकाळी सात प्रकारे पडून दाखवलं. कशावरच त्यांचं एकमत होईना. एक पडणं तर बाराजणांना खरं वाटलं! चहाच्या सुट्टीनंतर आत येताना ओल्या फरशीवरून पाय सटकला. हातावर आपटलो. वीसच्या वीस शिट्ट्या. ट्रेनर म्हणाला, बघा, इतकं ढोबळ सहसा बघायला मिळत नाही. टाळ्या पडल्या.
बायकोला फोन केला, हाताला लागलंय म्हणून. ती म्हणाली, छान, येताना ब्रेड आण.
ब्रेड आणला. दार सासूबाईंनी उघडलं. मी काहीच बोललो नाही, कोणाकडे बघितलंही नाही. त्यांनी माझ्या हातातला ब्रेड काढून घेतला, म्हणाल्या, मनगट मोडलंय, आणि गाडीची किल्ली घेतली. मला एकदम रडू आलं.
प्लॅस्टर चढत असताना लीगचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात दुसरी बॅच आहे. शेवटचं पडणं सगळ्यात खोटं वाटलं, तेवढं परत करून दाखवाल का?
हो म्हणून कळवलंय. दुसरं काम नाही.