चावी कोणी घ्यायची

ता. १२ जानेवारी १९३६
आनंदा शिंपी दुकान सोडून तळोद्याला गेला. सासऱ्याने तिथे बाजारात जागा दिली म्हणे. मशीन बैलगाडीत, शेजारी बायको. जाताना दुकानाची चावी माझ्या हातात. "भाऊसाहेब, शेठ जेवाले गयात. तुम्हीच दी द्या ना." घेतली. छापखान्यात माणसं खोळंबलेली, नाही म्हणायला सवड कुणाला?
भाडेचिठ्ठी अकरा महिन्यांची. राहिला चार.

ता. १३
चावी घेऊन घरमालक माणकशेठच्या पेढीवर. शेठने दोन्ही हात उपरण्यात लपवले. गादीवर ठेवू लागलो तर ओरडला, "आठे नका ठेवू!" बाजारात रिवाज असा की मालकाने चावी हातात घेतली म्हणजे जागा परत घेतली, भाडं बंद. शेठच्या हिशेबी चावी माझ्याकडे, म्हणजे जागा माझ्याकडे. मला साधी गुंडी शिवता येत नाही हेही सांगून पाहिलं.
मग शेठने भाडेचिठ्ठी काढली. मुदतीआधी जागा सोडल्यास उरलेलं भाडं जामिनाने द्यावं. खाली जामीन म्हणून माझी सही, झोकदार. गावभरची मुद्रितं तपासणारा मी, हे कलम वाचलंच नाही! सही केली तेव्हा आनंदा माझ्या कोटाच्या बाहीचं माप घेत होता. उजवा हात तेवढा मोकळा होता.

ता. १९
वकील म्हणाले, "जामीन म्हणजे भाडेकरूचा जुळा भाऊ." शेठने जागा दुसऱ्याला दिली किंवा स्वतः वापरली, तर मात्र भांडता येईल.
घरी येतो तो शेठचा मुनीम ओट्यावर. सात महिन्यांचं भाडं द्या, नाहीतर दावा. छपाईचं यंत्र जप्त. यंत्र गेलं की माझं साप्ताहिक गेलं, आणि चूलही.
सौ.: "जगाची टिंगल छापता ना? आता घरची छापा."

ता. २७
तळोद्याला धाडलेल्या पत्राला आनंदाचं उत्तर आलं. "कोट तयार शे. भाड्याबद्दल शेठले समजाडा, तुमनं ऐकतीन."
समजाडा! म्हणजे शेठची समजूतही मीच घालायची. चार वेळा वाचलं. कोट मी जन्मात घालणार नाही.

ता. ४ फेब्रुवारी
दुकानावरून जाताना शिंका. एक नाही, नऊ. पुढच्या दाराला कुलूप, चावी माझ्या खिशात. मागे गेलो तर दार सताड उघडं. आत आढ्यापर्यंत लाल मिरचीची पोती, प्रत्येकावर शेठच्या पेढीचा शिक्का. ज्या 'रिकाम्या' जागेचं भाडं मी भरायचं, तिथे याची मिरची लोळते आहे!
हमाल पोतं टाकत होता. कधीपासून रे?
"संक्रांतना दुसरा दिनपासून. शेठ बोलनात, मांगलं दार वापरा."
म्हणजे मी चावी घेऊन गेलो त्याच्या दोनच दिवसांनी. कोर्टात सांगशील?
"भाऊ, मन्हं पोट तठेच शे." पुढचं पोतं आणायला गेला. त्याच्यावर रागावताही येईना, आणि साक्षीदाराशिवाय वकिलांचं 'भांडता येईल' हवेतच.

ता. ५
शेठला तोंडावर विचारलं. "रिकामं व्हतं, म्हनीसन ठेवी दिधं."
मग भाडं माझ्याकडून कशाचं?
"मिरची काय भाडेकरू शे का?"
इतका निगरगट्टपणा मला कल्पनेनेही लिहिता आला नसता. रात्रीची वाट न पाहता लिहायला बसलो. नाव कुणाचं नाही. शिक्क्याचं वर्णन पुरे.

ता. ७
सकाळीच मुनीम. शेठला मजकुराची कुणकुण लागलेली. निरोप असा: अंकात मिरची नको, मग दावा नाही, शेठ चावी घेतील, दोन्ही हातांनी.
सौ. दाराआडून, "हो म्हणा." मुनीम गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, "यंत्र राहिलं तर पुढे कितीतरी छापाल."
तिचं चूक नाही. पण असली गोष्ट गिळून वाचवलेल्या यंत्रावर मग छापायचं काय, लग्नपत्रिका? आणि उद्या दुसरा कुणी जामीन याच दुकानापायी...
मुनीम उत्तराला चारला येणार. मजकूर जुळवून यंत्रावर चढवला आहे. कागद अजून लावलेला नाही. साडेतीन झाले.